स्पीड टेस्ट ९४, तरी पान उघडेना

तक्रार बाळूची. घरचा डेस्कटॉप, केबल ब्रॉडबँडचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्टला आकडा ९४. तरी संध्याकाळी बातम्यांची साइट उघडायला दहा-दहा सेकंद लागतात. कट्ट्यावर वैद्य तिघे: कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नंदू, नेटवर्कची कामं घेणारा सतीश आणि वेबसाइट बांधणारी मृणाल. चहा यायच्या आत तिघांची तीन निदानं तयार होती.

"डीएनएस बदल," नंदू म्हणाला. "गूगलचा ८.८.८.८ टाक नाहीतर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. विषय संपला."

"तुझा विषय दर वेळी तिथेच संपतो," मृणाल म्हणाली. "डीएनएस फक्त नावावरून पत्ता सांगतं. एकदा सांगितलेला पत्ता मशीन काही वेळ लक्षात ठेवतं. त्यामुळे फोटो जड असतील तर ते काही त्याने लवकर उतरणार नाहीत. हां, एंटर दाबल्यावर काही सेकंद काहीच हलत नाही आणि मग अख्खं पान धाडकन येतं, असं असेल तर संशय घे. पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला असला की विंडोज आधी त्याची वाट बघतं, मग दुसऱ्याकडे जातं. बाळू, तुझं तसं होतं का?"

बाळूचं पान तुकड्या-तुकड्याने येतं. आधी मथळा, मग रिकामे चौकोन, मग बऱ्याच वेळाने फोटो.

नंदू मागे हटणाऱ्यातला नाही. "मग रॅम. किती आहे? ४ जीबी? आणि जुनी हार्ड डिस्क? झालं तर मग! कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघड. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० वर चिकटलेली दिसली तर नेटला शिव्या देऊ नकोस. रॅममध्ये मावत नाही ते डिस्कवर फेकायचं आणि तिथून परत ओढायचं, हेच चाललंय."

हे खोटं नाही. अशा मशीनमध्ये साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम घातली की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फक्त रॅम डीडीआर३ पिढीची आहे की डीडीआर४ ते आधी बघावं, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. पण रॅमचं दुखणं असेल तर ते सकाळीही दिसलं पाहिजे, आणि एका टॅबवरून दुसऱ्यावर जातानाही मशीन अडकलं पाहिजे. बाळूचं मशीन सकाळी ठणठणीत चालतं.

इतका वेळ गप्प बसलेल्या सतीशने एकच विचारलं, "स्पीड टेस्ट कधी लावलीस?"

"दुपारी."

"आणि प्लॅनमध्ये अपलोड किती?"

"दहा."

"संध्याकाळी घरात फोन किती?"

"चार."

"मग त्या दहात कोण बसलंय ते बघ. फोन घरी आले, वायफायला लागले, चार्जिंगला लागले की फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. लग्नाचा ४ जीबीचा व्हिडिओ वर चढायला पाऊण तासाच्या वर जातो. तेवढा वेळ तुझा वर जायचा रस्ता तुंबलेला."

"पण मी तर खाली उतरवतोय," बाळू म्हणाला.

इथे सतीश रंगात आला. पान उतरवायचं तरी मागणी वरच जावी लागते, असं त्याचं म्हणणं. मोडेमच्या तोंडाशी १ मेगाबाइटचा बफर, म्हणजे वर जाणाऱ्या डेटाची रांग, भरलेला असेल, तर १० एमबीपीएसने तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. बाळूची इवलीशी मागणी त्या रांगेच्या शेपटीला उभी राहते. आणि एका पानासाठी फेऱ्या किती? पत्ता विचारायची एक, जोडणीची एक, कुलूपबंद जोडणीची किमान एक आणि पान मागायची एक. चार गुणिले ०.८, म्हणजे पहिलं अक्षर दिसायच्या आत तीन सेकंद गेले. वर बातम्यांच्या साइटवर जाहिराती, फॉन्ट, व्हिडिओ सगळे वेगवेगळ्या पत्त्यांवरून येतात, म्हणजे बऱ्याच फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून. शंभराचा रस्ता रिकामा पडलेला असतो आणि माणूस प्लॅन दोनशेचा करून येतो!

"तुंबलंय कशावरून?" नंदू पेटला. "संध्याकाळी अख्खा एरिया नेटवर असतो. कंपनीकडेच कोंडी असेल."

"असेलही. म्हणून तर मोजायचं. कमांड प्रॉम्प्ट उघड, आयपीकॉन्फिग मार, डिफॉल्ट गेटवेसमोरचा पत्ता घे. तो तुझा राउटर. त्याला पिंग लाव, म्हणजे हाक जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोज, शेवटी डॅश टी. चालूच राहील, थांबवायला कंट्रोल-सी. केबलवर १ मिलिसेकंद किंवा कमी, वायफायवर २ ते १०. इथेच दीडशे-दोनशेच्या उड्या दिसल्या तर दोष वायफायचा. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला पिंग लाव. राउटर १ वर आणि हा आठशेवर असेल तर सगळ्या फोनचं वायफाय बंद कर. लगेच वीस-तीसवर उतरला तर गुन्हेगार घरात. नाही उतरला तर बाहेर, मग रात्री दहाचे आणि सकाळी सहाचे आकडे शेजारी ठेवून तक्रार कर. नुसतं नेट स्लो आहे म्हणून फोन केलास तर राउटर बंद करून चालू करा, एवढंच ऐकशील."

वायफाय निघालंच आहे तर: राउटर चपलांच्या कपाटात नको. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत सगळे त्यांच्यावरच बसलेले असतात. डेस्कटॉप जागचा हलत नाही, त्याला केबलच ओढावी.

"केबलचंही एक आहे," सतीश म्हणाला. "प्लॅन दोनशेचा आणि आकडा कायम ९४ वरच अडकला, तर पोर्ट शंभराचा आहे किंवा केबलची एखादी तार गेली आहे. शंभराला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बाळूचा प्लॅनच शंभराचा, त्यामुळे त्याचे ९४ बरोबर."

मृणालने तिचं घोडं दामटलंच. तिच्या मते आधी इनकॉग्निटो खिडकीत तेच पान उघडावं. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटवलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. तिथे झटक्यात उघडलं तर एक्स्टेन्शन एक-एक करून बंद करत जावं. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की कोण किती खातंय तेही दिसतं. मग एफ१२, नेटवर्क टॅब, पान पुन्हा लोड. तिथे पानाच्या प्रत्येक तुकड्याच्या वेळेची एक पट्टी दिसते. एखाद्या पट्टीचा बहुतेक वेळ सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात गेला, आणि पिंग शांत असताना दुसऱ्या साइट पटापट उघडत असल्या, तर ती साइटच संथ आहे. त्यावर घरी बसून इलाज नाही.

बाळूला उपाय हवा होता. सतीशचा उपाय असा: फोनच्या बॅकअपला रात्रीची वेळ लावून दे, किंवा ॲपमध्ये अपलोडची मर्यादा असेल तर ती घाल. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघड आणि इंटरनेटवरच्या इतर कॉम्प्युटरांना अपडेट वाटणं बंद कर. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (रांगेला शिस्त लावणारी सोय) असेल तर अपलोड ९ वर बांध.

"दहा विकत घेऊन नऊ वापरायचे?" नंदूने विचारलं.

"रांग मोडेममध्ये लागली तर तिच्यावर तुझा ताबा नाही. नऊवर बांधलं की ती राउटरमध्ये लागते, आणि राउटर बारीक मागण्यांना पुढे काढू शकतो. बांधून झालं की बॅकअप चालू असतानाच परत पिंग बघ. शंभराच्या आत राहिला तर जमलं. नाही राहिला तर साडेआठ."

"आणि डीएनएस?"

"बदल रे बाबा. तोटा काही नाही."

"मग मी पहिल्यापासून काय सांगतोय?" नंदू म्हणाला, आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर नवा वाद सुरू झाला.