साप वीतभर, वारूळ डोंगराएवढं

काल रात्री सापाचा गेम उतरवला. तोच तो, ठिपके खात लांब होणारा आणि भिंतीवर आपटून मरणारा. झिप १०० एमबीच्या वर! म्हटलं, ग्राफिक्स भारी असणार. उघडला तर दोन रंग, चौकोनी साप आणि आवाजाच्या नावानं बोंब.

झोप उडालीच होती, फोल्डर उपसत बसलो. आत इलेक्ट्रॉन, वेबपानाचं ॲप करणारी चौकट. म्हणजे अख्खा क्रोमियम ब्राउझर, वर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड. मुक्या गेमला आवाज-व्हिडिओ वाजवणाऱ्या एफएफएमपेगची डीएलएल (तयार कोडची फाइल) कशाला रे बाबा? 'लोकेल्स'मध्ये पन्नासएक भाषांच्या फायली, त्यात आपल्या मराठीची 'एमआर.पॅक'सुद्धा! आणि साप मेला की पडद्यावर काय, तर इंग्रजीत 'गेम ओव्हर'. नुसती लायसन्सची एचटीएमएल फाइल काही एमबीची. नाटुकलं दहा मिनिटांचं, आभारप्रदर्शन दोन तास. खुद्द गेम 'रिसोर्सेस'च्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, ४० केबी.

आज सकाळी नवी आवृत्ती आली. मेन्यूतलं एक स्पेलिंग सुधारलंय म्हणे. उतरवा परत सगळं!

असे तीन गेम ठेवले की डिस्कवर तीन ब्राउझर, एकमेकांची ओळख नसलेले. २००४ साली 'केक्रीगर'वाल्यांनी ९६ केबीत थ्रीडी शूटर बसवला होता हो!

आणि लागणारं सामान गेमसोबत न बांधणारे तरी कुठले सज्जन? 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही' म्हणून तोंडावर दार आपटतात. मग व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे असल्या फायलींचा वेगळा संच, शोधा. २०१०चं, २०१३चं, एक्स८६, एक्स६४... यादी बघितली की वंशावळ वाटते. आणि पायथनच्या प्रोग्रामची सगळं एकत्र बांधून एक्सई केलीत तर कधी कधी अँटिव्हायरस तिला चोर समजून धरतो.

बरं, कबुली देतो. मीही एक फुली-गोळा केलाय, जावात. ३० केबीची जार (जावा प्रोग्रामची एकच फाइल), काय तो ताठा! पहिल्याच माणसाचा निरोप आला: 'डबल क्लिक केलं तर झिपसारखं उघडतंय, गेम कुठाय?' त्याच्याकडे जावाच नव्हतं. 'आधी जावा टाका' म्हटल्यावर तो जो गेला तो गेलाच. मग जावा गेमसोबतच बांधायला मुकाट्यानं जेलिंक चालवलं, नको ती मोड्यूल्स छाटली, तरी ४० एमबीच्या वर. नऊ घरांसाठी.

आतापर्यंत तिघांनी उतरवलाय. त्यातला एक मीच, चालतो का बघायला.