शुगरवाल्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी फेकून द्यावी म्हणे

मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दुकानावर आले आणि कॅरीबॅगमधून ॲटोरवास्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन जातीच्या गोळीच्या, तीन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. एका पट्टीतल्या चार गोळ्या गेलेल्या, बाकी दोन पट्ट्या जशाच्या तशा. "ह्या वापस घ्या. अन् हे बघा," म्हणत त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. मेसेज मी आधीच वाचलेला होता. आमच्या परभणी भागात भजनी मंडळाच्या ग्रुपपासून सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपपर्यंत तो फिरून झालाय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कोलेस्टेरॉल हा कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, अमेरिकेनं २०१५ मध्ये ते मान्यही केलं, शुगर असणाऱ्यानं तर स्टॅटिनला हातही लावू नये, कारण ती शुगर वाढवते, लिव्हर खाते, पायातली ताकद काढून घेते, रिपोर्ट नॉर्मल असताना गोळी म्हणजे निव्वळ लूट, त्यापेक्षा लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध यांचा काढा रोज तीन चमचे घ्या, ब्लॉकेज आपोआप मोकळे होतात.

मी मेडिकल चालवतो. गोळ्या विकूनच माझं घर चालतं, तेव्हा माझ्या बोलण्यातून तेवढं वजा करून घ्या. पण एक सांगतो, त्या काढ्याच्या तयार बाटलीत मला स्टॅटिनच्या पट्टीपेक्षा जास्त सुटतं.

अमेरिकेचं आधी उरकतो. त्यांच्या २०१५ ते २०२० च्या आहार-मार्गदर्शनातून एक आकडा काढून टाकला: जेवणातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको, ही मर्यादा. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, ताटातल्या कोलेस्टेरॉलचा त्यावर परिणाम वाटला होता त्याहून कमी निघाला, म्हणून. म्हणजे सुटका झाली ती अंड्याची. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं की धोका वाढतो, हे तिथं कुणी मागे घेतलेलं नाही.

"रिपोर्ट नॉर्मल, मग गोळी कामून?" गुरुजींचा खरा सवाल हा होता, आणि तो रास्त आहे. त्यांचं एलडीएल ११८. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेलं: १३० च्या आत ठीक. पण ती रेघ सरसकट सगळ्यांसाठी छापलेली असते. अकरा वर्षांची शुगर, त्यात बीपीची गोळी, वय बासष्ट, अशा माणसासाठी डॉक्टर एलडीएल साधारण ७० च्या खाली आणायला बघतात. मधुमेहात एलडीएलचा आकडा फार चढलेला नसला, तरी त्याचे कण बारीक आणि दाट असतात, सोबत ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी जास्त आणि चांगलं एचडीएल कमी. रक्तवाहिन्या आतून खराब व्हायला एवढं पुरतं.

याची परीक्षा झालेली आहे. २००४ साली 'कार्ड्स' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटन आणि आयर्लंडमधले २,८३८ मधुमेही, वय ४० ते ७५, कुणालाही आधी हृदयविकार नाही, कुणाच्या अंगावरून वारं गेलेलं नाही, एलडीएल १६० च्या आत. मात्र शुगरच्या जोडीला बीपी, बिडी-सिगारेट, डोळ्यांतले बदल किंवा लघवीतून प्रथिनं जाणं, यांतलं काहीतरी एक होतं. निम्म्यांना १० मिलिग्रॅम ॲटोरवास्टॅटिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. साधारण चार वर्षांत बिनऔषधवाल्यांत शंभरातल्या नऊ जणांना अटॅक, लकवा किंवा हृदयाचं तसंच मोठं काही झालं. औषधवाल्यांत सहा जणांना. अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवला, कारण फायदा दिसत असताना अर्ध्या लोकांना बिनऔषधाची गोळी देत राहणं बरं दिसेना.

आता हेच आकडे उलटे करून बघा. औषध न घेतलेल्या शंभरातल्या एक्क्याण्णव जणांना त्या चार वर्षांत तसं काही झालं नाही. त्यामुळं "आमच्या भाऊजींनी गोळी सोडली, काही झालं का?" असं विचारणारा खोटं बोलत नसतो. भाऊजी त्या एक्क्याण्णवांत असतील. पण आपण कशात आहोत, हे आधी कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. गोळीनं नऊचे सहा होतात, शून्य होत नाहीत. मेसेजवाल्यांना हे कमी वाटत असेल. आमच्या तालुक्याच्या गावातून अँजिओग्राफीला मोठ्या शहरात पोहोचेस्तोवर काय वेळ जातो, हे ज्यानं एकदा रात्री पाहिलंय त्याला कमी वाटणार नाही.

"शुगर वाढवते." यात तथ्य आहे, आणि मेसेजमधला हाच मुद्दा कुणी झटकून टाकू नये. २०१० मध्ये तेरा अभ्यासांतल्या ९१,१४० लोकांचा हिशेब मांडला गेला: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतली, तर त्यातल्या एकाला जास्तीचा मधुमेह निघतो. बहुतेक ज्याचा पाय आधीच उंबरठ्यावर असतो, त्याला. पण गुरुजींना शुगर अकरा वर्षांपासून आहे. त्यांच्यासाठी प्रश्न उरतो तो आहे ती शुगर किती वाढेल एवढाच. तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीएवनसीत, साधारण ०.१ चा फरक. माझ्या पाहण्यात मे महिन्यातला आमरस आणि लग्नातली बुंदी याहून जास्त हात मारतात, आणि त्याविरुद्ध अजून एकही मेसेज आलेला नाही.

पायदुखीचं मात्र जरा सावकाश घेऊ. "गोळी सुरू केली अन् पिंढऱ्या भरून आल्या," हे मी काउंटरवर वर्षानुवर्षं ऐकतोय. लोक नाटक करत नाहीत, दुखतंच. कशानं दुखतं, हा खरा प्रश्न. २०२० मध्ये इंग्लंडात एक फार सुरेख प्रयोग झाला. त्रासामुळं स्टॅटिन सोडलेले साठ जण घेतले. प्रत्येकाला महिन्याला एक अशा बारा बाटल्या: चारांत स्टॅटिन, चारांत बिनऔषधाची गोळी, चार रिकाम्या. गोळीच्या बाटलीत खरी की खोटी, ते त्यांना ठाऊक नाही. त्रास किती, याला रोज शंभरपैकी मार्क द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी आठ, बिनऔषधाच्या गोळीवर पंधराच्या वर, स्टॅटिनवर सोळाच्या वर. म्हणजे गोळी घेतोय या धास्तीनंच त्रास दुप्पट झाला, खुद्द औषधाची भर जेमतेम एका मार्काची. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आपल्याकडं याच्या जोडीला आणखी कारणं असतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दिवसभर वाकून आलेल्या माणसाच्या मांड्या दुखणारच. शुगरचं मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असलं की बी-बारा जीवनसत्त्व कमी होतं, त्यानं मुंग्या येतात. शुगरनं नसा बिघडतात. थायरॉइड असतं. दोष मात्र सगळ्यात नव्या गोळीला. तरीही स्नायू फार दुखले, ताकद गेली आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे क्वचित होतं, पण होतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत दिलं तर धोका वाढतो, म्हणून कोणत्याही डॉक्टरकडं जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.

लिव्हरचं म्हणाल, तर ही गोळी कामच लिव्हरमध्ये करते. तिथं कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम ती अडवते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. थोड्या लोकांत लिव्हरच्या तपासणीचे आकडे वर जातात. खरी इजा इतकी विरळ, की २०१२ पासून अमेरिकेच्या औषध खात्यानं सगळ्यांनी ठरावीक काळानं लिव्हरची तपासणी करण्याची अटच काढली. सुरू करण्याआधी एकदा करून घेतात, तेवढं पुरे.

आता काढा. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोरीचा पाईप आहे: आत मळ साचलाय, आंबट काहीतरी ओता, निघून जाईल. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत, अस्तराखाली साचते, फोडासारखी. बहुतेक अटॅक ती वाट हळूहळू बुजत जाऊन येत नाहीत. फोडावरचं पातळ अस्तर फुटतं, तिथं रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. म्हणून काल शेतात चांगला हिंडणारा माणूस आज जातो. स्टॅटिननं तो फोड आकसतो थोडाच, पण निबर होतो, सहजी फुटत नाही. व्हिनेगर तिथवर जातच नाही. पोटातलं आम्ल त्याच्याहून कितीतरी जहाल असतं. लसूण खा, चांगलाच आहे, ठेचा तर असाही होतोच. पण शुगरवाल्यानं रोज मध?

"हे सगळं केमिकल," असंही मेसेजात आहे. पहिलं स्टॅटिन जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासताना एका बुरशीत सापडलं. कंपन्यांच्या लुटीबद्दल बोलायचं, तर ॲटोरवास्टॅटिनचं अमेरिकेतलं पेटंट २०११ मध्येच संपलं. आपल्याकडं ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, भावावर सरकारी मर्यादा आहे, जनऔषधीत आणखी स्वस्त मिळते.

मग प्रत्येक शुगरवाल्यानं घ्यायचीच का? नाही. चाळिशीच्या आतला, बीपी नाही, तंबाखू नाही, लघवीत प्रथिनं नाहीत, अशाला डॉक्टर थांबा म्हणू शकतात. मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या बाईनं आधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, गरोदरपणात ही गोळी साधारणपणे बंद ठेवतात. पंचाहत्तरीनंतर नव्यानं सुरू करायची तर माणूस बघून ठरतं. चाळिशीच्या पुढं मात्र शुगर असेल, तर बोलणं सहसा 'घ्यायची का' यावरून 'किती मिलिग्रॅम' यावर येतं, आणि एकदा अटॅक येऊन गेला असेल तर तेवढाही वाद राहत नाही. रिपोर्ट छान आला म्हणून बंद करणारे बरेच भेटतात. तो रिपोर्ट गोळीनं छान आलेला असतो. सोडल्यावर काही आठवड्यांत एलडीएल जिथल्या तिथं.

गुरुजींना मी पट्ट्या वापस घेता येत नाहीत एवढंच सांगितलं, आणि फाईल, लघवीचा रिपोर्ट अन् तो मेसेज, तिन्ही घेऊन त्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. आठ दिवसांनी आले. गोळी रात्रीच्या जेवणानंतर सुरू झाली होती, एकादशीलासुद्धा. काढाही चालू आहे म्हणाले, फक्त मध टाकणं बंद केलंय.