दिवा विझवण्याची कला

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की आधी एक गोष्ट लक्षात घ्या : घाबरायचं नाही. गाडी पळतेय ना? एसी गार करतोय ना? झालं तर मग. दसऱ्याला बॉनेटला झेंडूचा हार घातला होता, बंपरला लिंबू-मिरची लटकतेय. माणसाने आणखी काय करायचं असतं?

आठवडाभराने दिवा तसाच असला, तरी स्टिअरिंगखाली हात घालून सोळा पिनांचं सॉकेट चाचपू नका. बीएस-४ (प्रदूषण-नियमांची एक पायरी) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड स्वतःच ओळखून नोंदवण्याची सोय, सक्तीचं झालं २०१३ मध्ये. म्हणजे तेव्हापासून ते सॉकेट बिचारं तुमच्या गुडघ्यापाशी बसून आहे, कुणीतरी चौकशी करेल म्हणून. त्यात हजारभर रुपयांचं ब्लूटूथ यंत्र खोचलं की मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो. तो नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, गाडी कितीने चालली होती, हेही बहुधा सापडतं. नको ती भानगड. कारण कळलं की दुरुस्ती करावी लागते.

त्यापेक्षा दहा नंबरचा पाना घ्या आणि बॅटरीची मायनसची वायर काढा. चहा प्या. वायर परत लावा. दिवा गुल! घड्याळ बारा वाजवेल, रेडिओची स्टेशनं पुसली जातील, सिग्नलला इंजिन जरा थरथरेल. शिकलेलं सगळं विसरलंय ते, शिकेल पुन्हा. बऱ्याच बिघाडांच्या बाबतीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, भला माणूस आहे. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसल्याशिवाय तो दिवा लावत नाही. एवढ्या मुदतीत कोकणात जाऊन यायचं असेल तर उरकून घ्या. पाहुणा परत आला, की पुन्हा पाना. अशाने आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या बॅटरीचा टर्मिनल गाडीच्या आधी झिजला.

या काळात सल्ले गोळा करा. सोसायटीच्या गेटवर एक जण पेट्रोल भेसळीचं म्हणेल, दुसरा इथेनॉलवर घसरेल (हल्ली इथेनॉलमुळे वायपरही नीट चालत नाहीत), आणि तिसरा बॉनेट न उघडताच सांगेल, ‘सेन्सर गेलाय.’ तिसऱ्याचं ऐका. ‘सेन्सर गेलाय’ हे वाक्य कधीच खोटं पडत नाही, कारण पुढे कुणी तपासतच नाही.

समजा, कोड निघाला पी०४२०. म्हणजे इंजिनाचा विषारी धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कामात कमी पडतोय. ही चुगली करतो कोण? कन्व्हर्टरच्या मागे बसलेला ऑक्सिजन सेन्सर. पुढच्या सेन्सरचा आकडा सारखा वरखाली नाचत असतो, मागच्याने मात्र जवळपास स्थिर राहायचं असतं. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचायला लागला, की ईसीयूला कळतं, मधला झोपलाय. आता तुम्ही सुज्ञ. चोर आला म्हणून शिट्टी फुंकणाऱ्या गुरख्यालाच आपण कामावरून काढतो ना? तसा हा सेन्सर काढा, नवा बसवा. नवाही तीच शिट्टी फुंकेल, कारण त्याला अजून बाजार कळलेला नाही. मग पुढचाही बदला. त्यानंतर गॅरेजवाला मान हलवत ‘साहेब, ईसीयूच गेला असणार’ म्हणेल, ते मनावर घ्या. एखादा आगाऊ माणूस मधेच विचारेल, सायलेन्सरच्या जोडातून गळती आहे का बघितलंत? प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल मिस मारत होती तेव्हा न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होतं, त्यात तो भाजला नसेल ना? असल्या माणसाशी बोलणंच टाका.

मी बोलतो ते अनुभवाने. पी०१३५ या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या कोडपायी मी नाना पेठेतून दोन सेन्सर आणले. दोष निघाला सेन्सरच्या हीटरच्या वायरीत. पावसाळ्यात पार्किंगमधल्या उंदराने तिथे दात घासले होते. जुना सेन्सर अजून शाबूत आहे, शोकेसमध्ये ठेवलाय.

मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा, कोड आला, समजा पी०३०२, तर एक फुकटची चाचणी असते. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची. कोड पी०३०३ झाला, तर कॉइल दोषी. पाच-दहा मिनिटांचं काम. फुकट आहे म्हणूनच त्यावर विश्वास ठेवू नका. चारही कॉइल, चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी, वर जीएसटी. बिल जाड झालं की आत्म्याला शांती लाभते.

आणि दिवा लुकलुकायला लागला तर? तोही नेमका खंबाटकीच्या चढावर? बाजूला घेऊ नका. लुकलुकणं म्हणजे मिसफायर एवढा जोरात आहे, की कन्व्हर्टर या क्षणी आतून भाजून निघतोय. पण मागे ट्रक हॉर्न देतोय आणि पुढे साताऱ्याचे कंदी पेढे आहेत. दाबा ॲक्सिलरेटर.

पीयूसीची काळजी नको. तिथे धूर मोजतात, दिवे मोजत नाहीत.

सगळं करून थकलात, तर इलेक्ट्रिशियनकडची काळी टेप दिव्यावर चिकटवा आणि गाडी विकायला काढा. गिऱ्हाईक येईल त्या सकाळी कोड पुसून ठेवा. मात्र त्याच्या खिशात ते हजार रुपयांचं यंत्र असेल आणि कोड पुसल्यामुळे ईसीयूच्या स्वतःच्या सगळ्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर त्याला चहा विचारून विषय बदला.

आलेल्या पैशांत दुसरी जुनी गाडी बघा. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. ऑइलचा दिवा लागेल, बॅटरीचा लागेल, एअरबॅगचा लागेल. इंजिनाचा तेवढा लागणारच नाही, क्षणभरसुद्धा नाही. इतकं निरोगी इंजिन पुन्हा मिळायचं नाही. मालक बघा कसा समाधानाने हसतोय. लगेच टोकन द्या.