अकरा विरुद्ध एक, आणि अण्णांचा मुद्देमाल

परवा अण्णांना ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ दाखवला. १९५७चा, सिडनी ल्युमेटचा, हेन्री फोंडावाला. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा, आणि तो दोषी की निर्दोष हे बंद खोलीत बसून ठरवणारे बारा साधे नागरिक, म्हणजे ज्युरी. अकरा म्हणतात दोषी, एकटा आठ नंबर म्हणतो निर्दोष. अण्णा जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे कोर्टाचा कुठलाही सिनेमा ते साक्ष तपासावी तसा बघतात.

आठ नंबरचा ज्युरर खिशातून चाकू काढतो आणि मुद्देमालातल्या चाकूशेजारी टेबलात खुपसतो. दोन्ही हुबेहूब सारखे. मी दर वेळी इथे सावरून बसतो. अण्णा उखडलेच. “हा आला कुठून? पंचनामा कुठाय? बाहेरून वस्तू आणायची आणि आत बसून पुरावा म्हणून नाचवायची?”

गंमत म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचंही थोडंफार हेच म्हणणं. वकिलीकडे वळताना याच सिनेमाने त्यांना बळ दिलं, पण न्यायाधीश म्हणून खटले चालवायला लागल्यावर ज्युरींना त्या बजावायच्या, की त्या सिनेमातल्यासारखं वागू नका. हे सांगितल्यावर अण्णांची कॉलर ताठ.

आता माझं म्हणणं. या कथेवर लिहिणारा जो तो आठ नंबरवर लिहितो. एकटा उभा राहिलेला सज्जन, पांढरा सूट वगैरे. मला वाटतं, रेजिनल्ड रोझ हा लेखक मोठा ठरतो तो बाकीच्या अकरांमुळे. माणूस आपलं मत बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याने अकरा वेळा लिहिलंय आणि अकराही वेळा वेगळं. नऊ नंबरचे म्हातारे सगळ्यांत आधी बाजू बदलतात. मुलगा निर्दोष आहे म्हणून नव्हे. बहुधा दोषीच असेल, असंच ते म्हणतात, फक्त हा माणूस एकटा उभा राहिलाय तर त्याचं अजून ऐकूया, एवढंच. पुढे कुणी वेळेच्या हिशोबाने हलतो: पायाने अधू साक्षीदार म्हणतो, पंधरा सेकंदांत दारापाशी पोचलो, आणि खोलीत चालून बघितलं तर एक्केचाळीस लागतात. कुणी साक्षीदार बाईच्या नाकावरच्या चष्म्याच्या खुणांनी हलतो. आणि तीन नंबर, लेकावरचा राग या पोरावर काढणारा, अगदी शेवटी मोडतो.

पण माझा सगळ्यांत लाडका प्रसंग सात नंबरचा. याच्या खिशात बेसबॉलच्या मॅचची तिकिटं. सुरुवातीला ‘दोषी’ म्हणतो, कारण लवकर सुटायचंय. पारडं फिरतंय म्हटल्यावर ‘निर्दोष’ म्हणतो, कारण तेच! आणि त्याच्यावर तुटून कोण पडतो? अकरा नंबरचा, युरोपातून आलेला घड्याळजी, जो स्वतः ‘निर्दोष’च्या बाजूचा आहे. आपल्या बाजूला एक मत आयतं मिळतंय, तरी हा विचारतो, माणसाच्या जिवाशी असं खेळायचा हक्क तुला दिला कुणी? निर्दोष म्हणायचं तर पटलंय म्हणून म्हण, कंटाळा आला म्हणून नको. आपल्याकडे वळलेल्या मताची अशी झडती घेणारा माणूस मी तरी प्रत्यक्षात बघितलेला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर झाला की आम्ही मोजतो आणि चहा मागवतो.

हे रोझला सुचलं ते १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतः ज्युरीत बसल्यावर. सदोष मनुष्यवधाचा खटला, आणि बंद खोलीत आठ तास कडाक्याचं भांडण. तेव्हा तो टीव्हीसाठी तासाभराची नाटकं लिहीत होता. त्याच वर्षी २० सप्टेंबरला अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर हे नाटक थेट प्रसारित झालं. सिनेमा आणि रंगमंचावरचे प्रयोग नंतरचे.

अण्णांनी मध्येच पॉज करायला लावलं. “यांना सगळ्यांचं एकमत लागतं ना? म्हणून हे भांडतायत.” बरोबर पकडलं. बहुमत चाललं असतं तर पहिल्या मतदानाला अकरा-एक झालं, विषय संपला, सात नंबर मॅचला पोचला. नाटक उभंच आहे ते त्या एकमताच्या अटीवर.

मग गाडी नानावटी खटल्यावर जाणारच होती, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारे नौदल अधिकारी नानावटी. १९५९, मुंबई, नऊ जणांची ज्युरी, आठ विरुद्ध एक, निर्दोष. आपल्याकडे बहुमत पुरायचं. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे नानावटी दोषी ठरले. म्हणजे त्या एकट्याचंच म्हणणं पुढे टिकलं. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असं व्हॉट्सॅपवर फिरतं ते खोटं. नंतरही काही वर्षं ज्युरी होती.) मला मात्र तो नववा माणूस छळतो. बाकीच्या आठांना त्याची गरजच नव्हती. त्याला कुणी विचारलं तरी असेल का, की बाबा, तुला काय खटकतंय?

१९८६ साली बासू चटर्जींनी हीच कथा हिंदीत आणली, ‘एक रुका हुआ फैसला’, तेव्हा तर आपल्याकडे फौजदारी खटल्यांत ज्युरी उरलीच नव्हती. पण त्यातल्या तीन नंबरला, पंकज कपूरला, बघताना हे कुणाच्या लक्षात येतं!

सिनेमा संपला. खून खरंच त्या पोराने केला का, हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि अण्णा त्यावरूनच चिडणार अशी माझी खात्री होती. ते काहीच बोलले नाहीत. बीपीची गोळी घेतली, दिवा मालवायला उठले आणि दारातून मागे वळून म्हणाले,

“तो दुसरा चाकू कुठे जमा केला रे त्यांनी?”