चालत? गाडीला काय झालं?

कोल्हापुरात धडधाकट माणूस चालताना दिसला की लोकांना दोनच शक्यता सुचतात, गाडी गॅरेजला लावलीय नाहीतर शुगर वाढलीय. जुनं गाव बघायला कोण मुद्दाम चालतंय हे इथं पटतच नाही कुणाला. पण पुण्याचे साडू आलेले, त्यांना हेरिटेज वॉकच पाहिजे होता, आणि साडूला नाही म्हटलं तर घरात जेवण मिळत नाही.

बिंदू चौकातनं सुरुवात केली. म्हटलं हे बघा, फुले-आंबेडकरांचे हे पुतळे १९५० चे, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच बसवलेले. साडू वही काढतायत तोवर शेजारी बुलेट थांबली. "काय भावा, चालत? गाडीला काय झालं?" म्हटलं काय नाही, पाव्हण्यांना गाव दाखवतोय. "मग बसा की, फिरवून आणतो!" ट्रिपल शीट! त्याला वाटेला लावेपर्यंत तटबंदीचा तुकडा दाखवायचा राहिला तो राहिलाच.

भवानी मंडपात एक, खासबाग मैदानाच्या दारात दोन. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं मैदान, कुठंही बसा कुस्ती दिसणार, एवढं सांगायला मला तीन हप्ते लागले, कारण मधे मधे सगळे येऊन "सोडू का?" विचारत होते.

महाद्वार रोडला गर्दीमुळं गाडीवाल्यांचा त्रास संपला आणि चपलांचा सुरू झाला. दुकानदारानं चप्पल दोन्ही हातांनी पार वाकवून दाखवली, वेणी दाखवली, कान दाखवले, वर बजावलं, "पाव्हणं, चावणार ही. आधी तेल पाजा, मग जरा जरा घरात घाला." साडूंनी पैसे दिले, जुने बूट पिशवीत टाकले आणि कर्रकर्र करत निघाले. आवाजावर एवढे खूश की देवळाच्या महाद्वारातनं मावळतीचं ऊन थेट अंबाबाईच्या अंगावर येतं ते किरणोत्सवाचं मी सांगत होतो, त्यातलं अक्षर ऐकलं नाही.

पापाच्या तिकटीला कर्रकर्र मंदावली. गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं दूध पाजायचं आमिष दाखवून मी त्यांना ओढत होतो, तोवर अॅक्टिव्हावरचे एक मामा थांबले. ओळख ना पाळख. "पाव्हणं, लंगडताय, बसा की."

साडू बसले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही या निवांत," मामा मला म्हणाले, "तुम्हाला सवय दिसत्या."