एकच एडिटर, किती वेळा लिहू?

परत तेच! जावाच्या स्विंगमध्ये (खिडक्या, बटणं, टेबलं बनवायची लायब्ररी) तारीख निवडायचा एडिटर, म्हणजे सेलमधली व्हॅल्यू बदलायचा छोटा घटक, टेबलसाठी लिहिला, झकास चालला. आता तोच ट्रीमध्ये, म्हणजे फांद्या फुटणाऱ्या यादीत, हवाय. पण स्विंगच्या मूळ ‘सेलएडिटर’ इंटरफेसमध्ये (एडिटरकडे कोणत्या मेथड, म्हणजे फंक्शन्स, हव्यात त्याची यादी) एडिटरचा कॉम्पोनंट, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग, मागायची सोयच नाही! ती मेथड टेबलची वेगळी, ट्रीची वेगळी. एकीला जेटेबल (स्विंगचा टेबल) हवा, दुसरीला जेट्री (स्विंगचा ट्री). जेलिस्टला (साधी यादी) तर एडिटिंगच नाही, विषय संपला. अरे, एडिटरला कशाला हव्यात यजमानाच्या, म्हणजे तो टेबलात बसलाय की ट्रीत, याच्या चौकश्या? व्हॅल्यू द्या, बदललेली परत घ्या.

आणि परत काय मिळतं? ऑब्जेक्ट, म्हणजे कुठल्याही प्रकारची वस्तू. जावात जेनेरिक्स (व्हॅल्यूचा प्रकार आधीच ठरवून द्यायची सोय) २००४ साली आले, आम्ही इथे अजून कास्ट करतोय, म्हणजे प्रकार हाताने सांगतोय.

पण खरं डोकं फिरतं ते पुढे. युजर सेलमध्ये टाइप करतो, एंटर न दाबता थेट ‘सेव्ह’वर क्लिक करतो, आणि सेव्ह होते जुनीच व्हॅल्यू. कारण फोकस गेला तरी जेटेबल आपणहून एडिटिंग संपवत नाही. त्यासाठी ‘टर्मिनेटएडिटऑनफोकसलॉस्ट’ नावाची प्रॉपर्टी लावायची, तीही चक्क स्ट्रिंग म्हणून! स्पेलिंग चुकलं तर कंपायलर ढिम्म. दर प्रोजेक्टात हा बग माझ्याच नावावर येतो.