बुडालेल्या बँकेतलं कर्ज मार्गी लावण्याचे सोपे उपाय

सर्वप्रथम अभिनंदन. तुमची सहकारी बँक बुडाली आणि तुम्ही ठेवीदार नव्हे, कर्जदार निघालात. ओळखीपाळखीचे टाळी देऊन म्हणतील, "तुझं बरंय बाबा, बँकच गेली, आता फेडायचं कुणाला?" हसून घ्या. बँक मरते ती फक्त देण्यापुरती. घेण्यापुरती ती ठणठणीत असते.

गेल्या गुरुवारी माझ्या बुडालेल्या बँकेत सातवी फेरी मारून आलोय, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत. लिहून ठेवा.

यंत्रासाठीचं कर्ज टप्प्याटप्प्यानं मिळणार असेल, तर पहिला टप्पा उचलल्याबरोबर बँक बुडेल असं बघा. आधी बुडाली तर तुम्ही सुटता, नंतर बुडाली तर निदान यंत्र तरी चालतं. मधोमध बुडायला हवी. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध आले की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय नवं कर्ज नाही, जुन्याचं नूतनीकरण नाही. तुमचं मंजुरीपत्र फाईलला छान दिसतं. शेडमध्ये अर्धं यंत्र उभं असतं आणि व्याज मात्र तिन्ही पाळ्यांत काम करतं.

कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज असेल, तर स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता दर महिन्याला न चुकता द्या. वाचायला कुणी नाही, पण पोच घ्या. गिऱ्हाइकांचे पैसे त्या खात्यात भरू नका, परत काढता यायचे नाहीत. आणि भरले नाहीत तर ९० दिवसांत खातं एनपीए, म्हणजे थकीत. दोन्हीपैकी एक निवडा, शांत डोक्यानं.

जामीनदाराचा फोन उचलू नका.

विम्यावर विश्वास ठेवा. २७ वर्षं १ लाखावर अडकलेलं ठेव विम्याचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत द्यायचं असतं. ठेवीदाराला. तुमचीही ठेव असेल तर बँक ती आधी तुमच्या कर्जात वळती करून घेऊ शकते. उरलंच काही तर विमा.

आता रामबाण उपाय: सगळं फेडून टाका. मी तेच केलं. मेहुण्यापुढे हात पसरले, नवी बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त "तारण मोकळं करून आणा" म्हणाली. पूर्ण रक्कम भरली, पावती घेतली आणि म्हटलं, नो ड्यूज, म्हणजे काही देणं नसल्याचा दाखला आणि जागेची मूळ कागदपत्रं द्या. उत्तर आलं, आता बँकेचा परवाना रद्द झालाय, दाखल्यावर अवसायकांची, म्हणजे बुडालेल्या बँकेची आवराआवर करायला नेमलेल्या अधिकाऱ्यांची सही लागते. अवसायक आणखी दोन संस्थांचेही अवसायक आहेत, ते गुरुवारी येतात. गुरुवारी गेलो तर बुधवारी येऊन गेलेले. पुढच्या गुरुवारी सापडले, तर कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. त्यानंतर कळलं की खातेउताऱ्यात तफावत आहे, कारण संगणकाच्या प्रणालीचं कंत्राट संपलंय आणि हिशेब हातानं केलाय. तफावत कुणाच्या बाजूनं निघाली हे सांगायला नकोच.

मीही तयारीनं गेलो होतो. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक, वैयक्तिक कर्जांसाठीचं असलं तरी, पुढे ठेवलं: पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. साहेबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हे बँकांसाठी आहे. आमचा परवाना रद्द झालाय. आम्ही बँक कुठं आहोत आता?"

मग मागच्या महिन्याचं व्याज कुणी लावलं हो? वसुलीची नोटीस कुठल्या नावाच्या कागदावर आली होती? नोटीस काढताना बँक, कागद देताना प्रेत?

बँकवाल्यांनो, सरळच बोलतो आता, उपरोध पुरे. संचालकांच्या गोतावळ्याला तारणाशिवाय कोट्यवधी वाटले ते तुम्ही, आणि माझं जागेचं खरेदीखत कुलपात. दरवर्षी दर्शनी भागात 'ऑडिट वर्ग अ' असा फलक लावत होतात, तो वर्ग देणाऱ्यानं कर्जाची एक तरी फाईल उघडली होती का? आणि आपण सभासद काय कमी आहोत? कर्ज देतानाच भागाचे पैसे कापून घेतले, म्हणजे या बुडालेल्या बँकेचा मीही मालकच. वार्षिक सभेला जायचो, विषय वाचून व्हायच्या आत मागच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" ओरडायचो आणि भेटवस्तूच्या रांगेत पळायचो. एकदा बॅग मिळाली, एकदा भिंतीवरचं घड्याळ. लाज वाटायला पाहिजे होती. अहवालात थकबाकीचा आकडा छापलेला असायचा, वाचला कुणी?

येत्या गुरुवारी आठवी फेरी आहे. या वेळी किल्ली तेवढी आणून ठेवा.